परवान्यात न मावणारा खेकडा

व्यावसायिक खेकडेमारीच्या परवान्याविषयी बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशात बसून लिहायचे, हे अनेकांना विनोदी वाटेल. समुद्र इथून कित्येक कोस दूर. होडी बघायची तर बिंदुसरेच्या किंवा माजलगावच्या धरणावर जावे लागते. बालाघाटाच्या डोंगररांगेतले हे गाव भालचंद्र गणेशाच्या देवस्थानासाठी ओळखले जाते, आणि त्याखालोखाल दुष्काळासाठी. खेकड्यासाठी कुणी ओळखत नाही. तरीही मला हा विषय इथूनच पाहावासा वाटला. कायद्याची पारख तो जिथे अडखळतो तिथे होते, आणि मत्स्यव्यवसायाचा कायदा आमच्या ओढ्यात फार वाईट अडखळतो.

या लेखात मी तीन प्रकारचा मजकूर वाचणार आहे : बोलीतला, कथेतला आणि अधिनियमातला. अधिनियम हाही एक मजकूर आहे. त्याला निवेदक असतो, त्यात पात्रे असतात, आणि कुणाला पात्र करायचे आणि कुणाला वगळायचे हा निर्णय असतो. कादंबरीतल्या वगळण्याची चर्चा आपण समीक्षेत आनंदाने करतो. कायद्यातले वगळणे मात्र वकिलांवर सोडून देतो. ते सोडू नये, असे माझे म्हणणे आहे.

नावांचा गुंता

आधी बोली. खाडीतल्या मोठ्या खेकड्याला उत्तर कोकणात चिंबोरी म्हणतात, मालवणात आणि गोव्यात कुर्ली. सह्याद्रीच्या पायथ्याशी भातखाचरांत आणि ओहोळांत मिळणारे लहान, गडद रंगाचे ते मुठे. आमच्या मराठवाड्यात एकच शब्द : खेकडा, आणि घरगुती बोलण्यात खेकडं. हे शब्द एकाच प्राण्याची प्रांतोप्रांतीची नावे आहेत, असा समज सहज होतो. तो खरा नाही. खाडीतली चिंबोरी आणि आमच्या ओढ्यातला खेकडा यांचे नाते मांजर आणि वाघ यांच्याइतकेही जवळचे नाही. दोघांचे जगणे वेगळे, वाढणे वेगळे, धरण्याची रीतही वेगळी. पुढे कायद्याकडे वळताना हा फरक ध्यानात ठेवावा लागेल, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

बोलीत खेकडा प्राणी म्हणून कमी आणि दृष्टान्त म्हणून जास्त वावरतो. तिरकी चाल, आडमुठी पकड, आणि सर्वांत वापरून गुळगुळीत झालेली टोपलीची गोष्ट. खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, एक वर चढला की दुसरा त्याला खाली ओढतो, आणि म्हणून मराठी माणूस मागे पडला. ही गोष्ट ऐकवल्याशिवाय आपल्याकडे सत्काराचे भाषण पुरे होत नाही. मौज अशी की हीच गोष्ट फिलिपीन्समधले लोक स्वतःविषयी सांगतात, तीही याच खात्रीने. म्हणजे हा मराठी स्वभावाचा शोध नव्हे. टोपली जिथे जिथे गेली तिथे तिथे ही गोष्ट गेली.

माझा आक्षेप गोष्टीच्या दृष्टिकोनाला आहे. ती टोपली विणणाऱ्याच्या आणि उचलणाऱ्याच्या जागेवरून सांगितलेली आहे. ओढ्याच्या काठावर खेकडे एकमेकांना खाली ओढत नाहीत. प्रत्येकाचे बीळ स्वतंत्र असते. एकमेकांवर रचून ठेवलेला, आधारासाठी जे सापडेल ते धरणारा प्राणी आपण पाहतो आणि त्याला स्वभावाचे नाव देतो. टोपलीचा मालक कोण, हा प्रश्न सत्काराच्या भाषणात कधी येत नाही. परवाना म्हणजे तरी काय? टोपली कुणाच्या हातात असावी हे ठरवणारा कागद.

आधुनिक मराठी कथेत खेकडा भीतीचे रूप घेऊन येतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांच्या एका गाजलेल्या संग्रहाचे नावच ‘खेकडा’ आहे. बोलीत उपहास आणि गूढकथेत भय, अशी त्याची वाटणी झाली. ओढ्यावरच्या माणसाचा खेकड्याशी जो तिसरा संबंध आहे, भुकेचा आणि चार पैशांचा, तो वाङ्मयात क्वचितच उमटतो. कायद्यात तो उमटला आहे का, हे पाहण्याआधी एका जुन्या कथेकडे जायला हवे.

बगळ्याचा ठेका

‘पंचतंत्रा’तली बगळ्याची आणि खेकड्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि ‘अतिलोभ वाईट’ असे तात्पर्य लावून सोडून देतो. दुष्काळी गावात ती पुन्हा वाचली की वेगळी दिसते.

म्हातारा बगळा तळ्याकाठी डोळ्यांत पाणी आणून बसतो. मासे विचारतात तेव्हा तो सांगतो, की ज्योतिषांच्या सांगण्याप्रमाणे आता बारा वर्षे पाऊस पडणार नाही. हे तळे आटेल. तुमचे कसे होणार या चिंतेने मी व्याकूळ आहे. पलीकडे मोठे, न आटणारे पाणी आहे, तिथे तुम्हाला एकेक करून पोचवतो. मासे विश्वास ठेवतात. बगळा एकेकाला उचलतो आणि खडकावर नेऊन खातो. शेवटी खेकड्याची पाळी येते. वाटेत खडकावर काट्यांचा ढीग पाहून खेकड्याला उमगते, आणि ज्या मानेला धरून तो चालला आहे ती मान तो नांगीने छाटतो. मग ती घेऊन तळ्यावर परततो आणि उरलेल्यांना झाले ते सांगतो.

इथे बगळ्याचे भांडवल कोणते? दुष्काळाची बातमी. ही बातमी मुळातच खोटी असण्याची गरज नाही. आमच्याकडे ती अनेकदा खरी ठरली आहे : १९७२ मध्ये, २०१२-१३ मध्ये, आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये, जेव्हा शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बगळ्याची चलाखी दुष्काळ सांगण्यात नाही. पाण्याच्या काळजीतून स्वतःसाठी वाहतुकीचा एकाधिकार निर्माण करण्यात ती आहे. त्याच्याशिवाय पलीकडच्या पाण्यापर्यंत कुणी जाऊ शकत नाही, एवढे त्याने पटवले की काम झाले. माशांनी त्याला जो दिला तो एक प्रकारचा ठेकाच होता.

खेकडा वाचतो तो शहाणपणामुळे, असे आपण म्हणतो. कथेत त्याचे दुसरेही कारण आहे. त्याला चोचीत धरता येत नाही. तो बगळ्याच्या मानेला स्वतः धरतो. माशांना वाहून नेण्यासाठी जी व्यवस्था होती तिच्यात तो बसत नव्हता. याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका कथेत आई प्रवासाला निघालेल्या मुलाला सोबत म्हणून पाण्यातला खेकडा देते. मुलगा त्याला कापराच्या डबीत ठेवतो, झाडाखाली झोपतो, आणि साप येतो तेव्हा खेकडा त्याला मारतो. दोन्ही कथांत खेकडा राखणदार आहे. उपहासाची टोपली फार नंतर आली.

मासा म्हणजे काय?

आता अधिनियम. १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा हा या विषयातला मूळपुरुष. तो अगदी आटोपशीर आहे. स्फोटके वापरून मासे मारू नयेत, पाण्यात विष घालू नये, आणि निवडक पाण्यांसाठी सरकारला नियम करता येतील : कोणती साधने वापरावीत, जाळ्याची आस केवढी असावी, आणि गरज पडल्यास दोन वर्षांपर्यंत सगळी मासेमारी बंद ठेवावी. शिक्षा जास्तीत जास्त दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि १९४८ पर्यंत राहिले. पण पुढच्या कायद्यांची भाषा याच साच्यातून निघाली, म्हणून तो वाचणे भाग आहे. महाराष्ट्राने राज्यनिर्मितीबरोबर १९६० चा आपला मत्स्यव्यवसाय अधिनियम केला.

१८९७ च्या कायद्यात माशाची व्याख्या एका ओळीत उरकलेली आहे. त्यात मासा म्हणजे काय हे सांगितलेले नाही. मासा या शब्दात कवचधारी जलचरही येतात, एवढेच म्हटले आहे. खेकडा या कायद्यात शिरतो तो या एका शब्दाच्या फटीतून, तेही स्वतःच्या नावाने नव्हे. त्याला मासा मानले की काम भागते. प्रशासनाच्या दृष्टीने ही सोय आहे. मात्र ज्याला मासा मानले त्याला माशाचेच नियम लागतात, आणि माशाचे नियम खेकड्याला लागत नाहीत. जाळ्याची आस मोजून बिळात हात घालणाऱ्याला कसे आवरणार?

विषाचे कलम तर समीक्षकाने मुद्दाम वाचावे. पाण्यात विष किंवा चुना घालणे गुन्हा आहे, पण केव्हा? मासे पकडण्याच्या किंवा मारण्याच्या हेतूने घातला तर. हेतू हा शब्द काढून पाहिला की कायदा किती बदलतो! आमच्या भागात कापूस आहे. फवारणीचे पंप ओढ्यावर धुतले जातात, पहिल्या मोठ्या पावसात शेतातले औषध नाल्यात उतरते. त्यात खेकडे मरतात. पण कुणाचाही तसा हेतू नसतो. म्हणून कलमाच्या शब्दांप्रमाणे तिथे काही घडलेच नाही. दोन खेकड्यांसाठी डोहात चुना टाकणारा पोरगा गुन्हेगार, आणि अख्खा ओढा निर्जीव करणारी व्यवस्था निर्हेतुक.

दुसरा मोठा ग्रंथ म्हणजे १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. दंडाच्या रकमा लाखांत गेल्या, आणि निवाड्याचे काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आले. परवान्याची खरी व्यवस्था याच कायद्यात आहे, आणि तिचा नायक आहे नौका. परवाना नौकेला मिळतो. नौका यांत्रिक आहे की नाही, ती कोणते जाळे वापरते, कोणत्या पट्ट्यात जाते, १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ती बंदरात आहे की नाही, हे सगळे नियम नौकेभोवती फिरतात. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ मध्ये आलेले निर्बंधही त्याच चौकटीतले. समुद्रासाठी हे योग्यच आहे. मोठ्या नौकांनी किनाऱ्याजवळचे पाणी खरवडून काढू नये म्हणूनच हा कायदा झाला, आणि पारंपरिक मच्छीमारांना आजही त्याच्याइतका दुसरा आधार नाही.

पण नौका नायक झाली की चालत जाणारा माणूस कथेबाहेर राहतो. ओहोटीला चिखलात उतरून, काठीला आकडा लावून चिंबोरी काढणारी बाई नौकेशिवाय मासेमारी करते. ती नियमभंग करत नाही, आणि नियमात बसतही नाही. तिच्या धरण्याची नोंद नाही, म्हणून तिच्या खाडीत भराव पडला तर तिच्या नुकसानीचा कागदही नाही. खाडीतल्या खेकड्याकडे शासनाचे लक्ष गेले ते दुसऱ्याच वाटेने. कांदळवन कक्षाने सिंधुदुर्गात आणि पुढे किनाऱ्यावर इतरत्र कांदळवनाच्या आश्रयाने खेकडापालनाचे प्रयोग उभे केले. २०१७ मध्ये त्यासाठी उपजीविकेची योजना आली. हा चांगला भाग आहे. तिथे खेकडा प्रथमच स्वतःच्या नावाने सरकारी कागदात आला. मात्र आला तो पाळीव होऊन. रानटी खेकडा आणि त्याला धरणारा हात अजून बाहेरच आहेत.

ओढ्यातली स्थिती

आमच्या खेकड्याची गोष्ट याहून वेगळी. समुद्रातला आणि खाडीतला खेकडा लाखांनी अंडी देतो. पिल्ले आधी डिंभक म्हणून पाण्यात तरंगतात, प्रवाहाबरोबर दूर जातात, आणि त्यातली थोडी जगतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात डिंभक-अवस्थाच नाही. मादी मोजकी, मोठी अंडी पोटाखालच्या झाकणाआड धरते, आणि त्यातून थेट नखाएवढे पूर्ण खेकडे बाहेर पडतात. तेही काही दिवस आईच्या पोटालाच चिकटून राहतात. उन्हाळ्यात ओढा आटला की हे खेकडे ओलीच्या शोधात बीळ खोल नेतात आणि तोंड लिंपून पाऊस येईपर्यंत पडून राहतात. पहिला दमदार पाऊस झाला की रात्री बाहेर येतात. या पहिल्या आठवड्यांत पोटाखाली पिल्ले असलेली मादी हमखास सापडते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : एका ओढ्यातले खेकडे संपले तर शेजारच्या नदीतून पिल्ले वाहत येऊन ते भरून निघत नाहीत. बिंदुसरेचे खोरे वेगळे, मांजरेचे वेगळे. दोन्ही नद्या आमच्याच डोंगरात उगवतात, पण खेकड्याला मधली माळराने ओलांडणे सोपे नाही. सह्याद्रीत तर एकेका पठारावर वेगळी जात सापडते. २०१६ मध्ये तिथल्या नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची बातमी केली, ती बरीचशी शोधकर्त्याच्या आडनावामुळे. जगातल्या गोड्या पाण्यातल्या १२८० खेकडाजातींचा आढावा २००९ मध्ये घेतला गेला, तेव्हा जवळपास निम्म्या जातींविषयी मत देण्याइतकी माहितीच नव्हती. दुसरी गोष्ट अशी की समुद्रावर जून-जुलैत बंदी असते, आणि आमच्याकडे नेमकी याच महिन्यांत खेकडेमारी होते. समुद्राचा नियम डोंगरात आणायचा म्हटले तर खेकड्यांच्या बाजूने तो योग्यच ठरेल. माणसांच्या बाजूने काय होईल?

हे महिने कुणाचे आहेत ते पाहा. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या आसपास कोयते निघतात, पट्टा पडला की टोळ्या परततात. पेरणीच्या तोंडावर हातात असते ती उचलीतून उरलेली रक्कम, किंवा पुढच्या उचलीची वाट. या दिवसांत ओढ्यावर कंदील किंवा विजेरी घेऊन जाणारे हात याच घरांतले असतात. भोई समाजातल्या ज्या कुटुंबांचा हा पिढीजात व्यवसाय, त्यांचेही असतात. धरायची रीत साधी. दगड उलथायचा, पाठीवर बोट दाबून दोन्ही नांग्यांच्या मागून धरायचे. बिळात असला तर वाकवलेली तार. बादलीत ओला पाला. घरच्या रश्श्यापुरते ठेवून उरलेले आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला, दोऱ्यात ओवून. व्यावसायिक म्हणावे एवढा हा व्यवसाय आहे का? मला वाटते आहे. जे विकले जाते आणि ज्याच्या पैशांतून मीठ-मिरची येते तो व्यवसायच. त्याला छंद म्हणण्याची चैन बाहेरच्याने करावी.

आता कुणी विचारेल, की ओढा नको, तलावात जा. रोजगार हमीच्या काळातले पाझर तलाव आमच्या भागात बरेच आहेत. पण तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था कागदावर आणि जाळे दुसऱ्याचेच, ही तक्रार राज्यभर जुनी आहे. ठेकेदाराने रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडलेले असते. त्याच्या लेखी खेकडा हे जाळे कुरतडणारे उपद्रवी जनावर. पण कवचधारी जलचर मासाच मानला, तर त्या पाण्यातला खेकडाही ठेकेदाराचा ठरतो, असा अर्थ काढता येतो. म्हणजे ज्याला तो नको आहे त्याची मालकी, आणि ज्याला हवा आहे तो चोर. बगळ्याची गोष्ट इथे मला आठवल्याशिवाय राहत नाही.

ओढ्यावर आणखी एक प्रकार घडला. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाल्यांचे खोलीकरण-रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. पाणी अडले पाहिजे, यात दुष्काळी माणसाचे दुमत असणार नाही, माझेही नाही. पण यंत्राच्या फाळाने ओढ्याचे काठ उभे तासले गेले, दगडगोटे उचलले गेले, आणि बिळे होती ती माती ट्रॅक्टरमधून शेतात गेली. खेकडे किती गेले याची मोजदाद कुणी केलेली नाही, कारण आराखड्यात तो रकानाच नव्हता. तुलना करा. रात्रीत दहा-वीस खेकडे धरणाऱ्याला परवाना लागावा की नाही यावर आपण चर्चा करतो. एका दिवसात पाव मैल काठ तासणाऱ्या यंत्राला खेकड्याच्या बाबतीत कुणाला काही विचारावे लागत नाही.

आरोपी म्हणून उपस्थिती

नियमात अनुपस्थित असलेला खेकडा आरोपी म्हणून मात्र एकदा थेट मंत्रालयाच्या भाषेत आला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले; वाडी वाहून गेली, माणसे गेली. धरणाला गळती असल्याचे गावकरी आधीपासून सांगत होते. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला : त्यांनी भिंत पोखरली. मग निषेध म्हणून विरोधी पक्षाचे कार्यकर्ते खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले. महाराष्ट्र हसला.

खेकडे मातीच्या बांधात बिळे करतात, हे खरेच आहे. कोणताही शेतकरी सांगेल. म्हणूनच बांधाची देखभाल करणारे खाते असते. मला त्या विधानात रस आहे तो त्याच्या व्याकरणामुळे. कर्ता शोधायचा होता, आणि ज्याची नोंद नाही, ज्याला बाजू मांडता येत नाही, असा कर्ता सापडला. टोपलीच्या दृष्टान्तात जे घडते तेच इथे घडले. रचना माणसाची, देखभालीचा हलगर्जीपणा माणसाचा, आणि स्वभावदोष खेकड्याचा. हसून झाल्यावर आपण हे वाचले नाही.

इतरांचे परवाने

परवान्याने काय साधते आणि काय बिघडते, याचे तीन नमुने पुरेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉन राज्यात, डंजनेस जातीच्या खेकड्याचा मोठा धंदा आहे. तिथला नियम तीन शब्दांत सांगता येतो : आकार, लिंग, हंगाम. सव्वासहा इंचांपेक्षा लहान धरायचा नाही, मादी धरायची नाही, ठरलेल्या महिन्यांबाहेर धरायचा नाही. त्यावर परवान्यांची संख्या मर्यादित. मला यातला परवाना कमी महत्त्वाचा वाटतो आणि मादी सोडण्याचा नियम जास्त. तो हातात धरलेल्या प्राण्याकडे पाहून पाळता येतो. पोटावरचे झाकण रुंद आणि गोलसर ती मादी, अरुंद आणि टोकदार तो नर. आमच्याकडे हे पोरांनाही कळते.

दुसरा नमुना बांगलादेशातल्या सुंदरबनाचा. तिथे जानेवारी आणि फेब्रुवारी हे खेकड्याच्या विणीचे महिने मानून जंगलात खेकडे धरण्यावर बंदी असते. म्हणजे हंगाम माशाचा न धरता खेकड्याचा धरला आहे. कायद्याने प्राण्याकडे पाहिल्याचे हे लक्षण.

तिसरा नमुना आपल्याकडच्या सुंदरबनाचा, आणि तो मन विषण्ण करतो. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात मासे-खेकडे धरण्यासाठी नौकेचे परवाना-प्रमाणपत्र लागते. अशी एकूण ९२३ प्रमाणपत्रे आहेत. धरणारे मात्र हजारोंनी. ज्याच्या नावावर प्रमाणपत्र तो अनेकदा पाण्यात उतरतच नाही. तो ते भाड्याने देतो. खेकड्यामागे चिखलात शिरलेल्या माणसाला वाघाने नेले, तर प्रश्न उपस्थित होतो : परवाना होता का, आणि जागा परवानगीची होती का? नसेल तर विधवेला भरपाई नाकारली जाते. अलीकडे कोलकाता उच्च न्यायालयाने अशा प्रकरणात भरपाई द्यायला लावली, पण त्यासाठी बाईला कोलकात्यापर्यंत जावे लागले. तिथे परवान्याने खेकडे वाचवले असतील-नसतील. कुणाचे मरण मोजायचे आणि कुणाचे नाही, हे मात्र त्याने ठरवले.

मग नियम कसा असावा?

परवाना नकोच, असे सोपे उत्तर देण्याचा मोह होतो. ते पुरेसे नाही. नोंद नसलेल्या माणसाला पत नसते. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा द्यायचे ठरवले. किसान क्रेडिट कार्डही मच्छीमारांपर्यंत आधीच पोचले आहे. या सवलती कुणाला मिळणार? ज्याच्याकडे नौका, तलाव किंवा संस्थेचे सभासदत्व आहे त्याला. ओढ्यावरचा माणूस पुन्हा बाहेर. म्हणजे परवान्याला दोन तोंडे आहेत : एक मनाई करते, दुसरे ओळख देते. आमच्या माणसाला पहिल्याचा धाक नको आणि दुसऱ्याचा लाभ हवा, ही मागणी मला विसंगत वाटत नाही.

मला सुचते ते असे. हाताने, तारेने किंवा टोपलीने धरून गावात आणि आठवडी बाजारात विकणाऱ्याला परवाना नसावा. त्याची नुसती नोंद असावी, ग्रामपंचायतीच्या दप्तरात, फी न घेता. परवाना असावा तो गावोगावी खेकडे गोळा करून गाडीने शहरात नेणाऱ्याला, कारण ओढा रिकामा होतो तो मागणीच्या त्या टोकाकडून. पोटाखाली अंडी-पिल्ले असलेली मादी जागेवरच सोडावी. हा नियम गावसभेच्या ठरावाने सुरू व्हावा. दंडापेक्षा चारचौघांच्या नजरेने तो जास्त पाळला जाईल. तलावाच्या ठेक्यात खेकडा वगळलेला आहे असे स्पष्ट लिहावे. आणि नाल्याचे काम करताना काठाचा काही भाग दगडगोट्यांसकट तसाच ठेवावा.

याला आधार अगदीच नाही असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या समाजांना मासे आणि जलाशयातल्या इतर उपजांवर सामूहिक हक्क दिला आहे. तिथे भाषा वेगळी आहे. हक्क आधीपासून होताच, कायदा तो मान्य करतो, अशी. परवान्याची भाषा याच्या उलट : सगळे पाणी सरकारचे, त्यातून तुला एवढे दिले. लिंबागणेशचा ओढा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे गौण जलस्रोतांवरचा पेसा कायद्याचा अधिकार आमच्या गावसभेला नाही. पण मान्य करण्याची भाषा उचलायला कोणता अडथळा आहे?

या सूचनेवर एक रास्त शंका येईल. हाताने धरणाऱ्याला मोकळे सोडले आणि घरे वाढली, तर दहा-वीस करता करता ओढा संपणार नाही का? संपू शकतो. पिल्लांची संख्या मुळात कमी आणि बाहेरून भर पडण्याची आशा नाही, हे मी वर सांगितलेच आहे. म्हणूनच मादी सोडण्याचा नियम ऐच्छिक राहून चालणार नाही, आणि पहिल्या पावसानंतरचे दोन आठवडे तरी गावाने स्वतःवर बंदी घालून घ्यावी लागेल. ती घालायची तर त्या दोन आठवड्यांत त्या घरांना दुसरे काम हवे. समुद्रावरच्या बंदीच्या काळात मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न निदान चर्चेत येतो. ओढ्यावरच्या बंदीच्या काळात रोजगार हमीचे मस्टर निघेल का, हा प्रश्न खेकड्याइतकाच खरा आहे, आणि तो सोडवल्याशिवाय लिहिलेला कोणताही नियम कागदावरच राहील.

कायदा वाचताना मी शेवटी एकच कसोटी लावतो : ज्याच्याविषयी तो आहे त्याचे नाव त्यात आहे का? माशाच्या व्याख्येत लपलेला खेकडा आणि नौकेच्या व्याख्येतून गळलेला माणूस, दोघांनाही नाव हवे. बीडच्या जिल्हा नियोजनात, तलावाच्या ठेकापत्रात, नालाकामाच्या अंदाजपत्रकात ‘खेकडा’ हा शब्द एकदा लिहून पाहावा. हा तीन अक्षरांचा शब्द आमच्या बाजारातल्या बाईने रोज उच्चारलेला आहे. तो सरकारी मराठीत लिहायला शब्दकोश लागत नाही.